बाईंना ‘हो’ म्हणणारी माणसं

पंच्याहत्तरीच्या गौरव अंकासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा आधी बाईंच्या कानावर घालावं म्हणून मी त्यांच्या दवाखान्यात गेले. डॉ. कुमुदिनी महाजन, साऱ्या बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरीणबाई आणि आम्हा शिष्यांच्या नुसत्या ‘बाई’, एका आजोबांच्या छातीला नळी लावून बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “लिही की. पण प्रत्येक स्तुतीखाली पुरावा दे. बिनपुराव्याचं लोक माझ्या तेराव्याला बोलतीलच, त्याची आत्ताच घाई काय?” आजोबा दचकले. बाईंनी त्यांना सांगितलं, “तुमचं नाही हो, माझं चाललंय. श्वास घ्या.”

तेव्हा वाचकहो, या लेखात जिथे जिथे मी बाईंना चांगलं म्हटलं आहे, तिथे तिथे काही ना काही घडलेलं सांगितलं आहे. न सांगून चालणार नाही. अंक छापून आल्यावर त्या तांबडी पेन्सिल घेऊन बसणार, हे मला आत्ताच दिसतंय.

दुसरंही एक आधीच सांगते. पंच्याहत्तरीच्या अंकात दीर्घायुष्याच्या शुभेच्छा द्यायची रीत आहे. माझ्यासाठी ती नुसती रीत नाही. गेल्या हिवाळ्यात बाईंचं स्वतःचं बीपी असं चढलं की आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या अजून पुष्कळ वर्षं आमच्यात हव्या आहेत, आणि त्यासाठी त्यांनी आमच्याशी खरं बोलायला हवं आहे. हे कोडं वाटेल, पण लेख संपेपर्यंत उलगडेल.

बाईंची माझी पहिली भेट माझ्या रागातून झाली. मी इंदूरहून एमबीबीएस होऊन आले होते. सर्जन व्हायचं डोक्यात होतं, पण पुढच्या प्रवेशाच्या परीक्षेत काही जमलं नाही. वडिलांचं कापडाचं दुकान. ते म्हणाले, “घरात बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बस.” मी तोंड वाकडं करून गेले. शनवारा चौकातून आत वळलं की पॉवरलूमची गल्ली लागते, त्या गल्लीत बाईंचा दवाखाना. दोन्ही बाजूंना मागांची अशी खडखड की छातीतला आवाज नळीतूनही ऐकू येऊ नये. त्यावर बाईंनी उपाय काढला होता. दिवे गेले, माग थांबले, की त्या बाहेरच्या बाकाकडे बघून ओरडत, “छातीवाले आधी आत या!” मग पोटाचे, गुडघ्याचे सगळे बाजूला सरकायचे, आणि बाई भराभर एकेकाचं हृदय ऐकून घ्यायच्या. गावात वीज गेल्यावर आनंदणारी दुसरी व्यक्ती मी अजून पाहिलेली नाही.

पहिल्या दिवशी दवाखाना बंद करताना त्यांनी मला विचारलं, “आज काय कळलं नाही?”

मला वाटलं, त्या चुकून उलटं बोलल्या. मी ऐटीत म्हणाले, “तसं काही नाही बाई. सगळं कळलं. सर्दी, ताप, अंगदुखी, बीपी.”

“मग उद्या नको येऊस,” त्या म्हणाल्या आणि कुलूप लावलं.

घरी येऊन मी रडले. धाकटा भाऊ हसत होता, “क्या दीदी, सर्दी-खांसीमें क्या समझना है!” आईने त्याला गप्प केलं, पण तिलाही बाईंचा राग आला होता. दुसऱ्या दिवशी मी गेलेच, आणि तेही केवळ चिडून. दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसले, आणि संध्याकाळी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले, “चक्कर येते म्हणणाऱ्या बायका आपल्याकडे दुपारच्याच का येतात, हे मला कळलं नाही.”

बाईंनी चष्मा वर केला. “हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?”

“कुठल्याच नसेल.”

“मग हा प्रश्न तुझा आहे. जपून ठेव. आणि उद्या ये.”

त्या दिवसापासून मी त्यांची झाले. सर्जरी कधी सुटली ते कळलंही नाही. पुढे मी फॅमिली मेडिसिनचंच शिक्षण घेतलं आणि आज याच गावात दवाखाना चालवते. ते दुपारच्या चक्करेचं कोडंही सुटलं. घरच्या सगळ्यांचं होईपर्यंत त्या बायका पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. आम्ही त्यांना औषधाऐवजी दुपारच्या आधी पाणी आणि भाकरी लिहून दिली.

बाईंच्या कामाबद्दल बोलायचं तर बुधवारच्या बैठकीपासूनच सुरुवात करावी लागेल. दर बुधवारी दुपारी बाईंच्या व्हरांड्यात डॉक्टर जमतात. दापोऱ्याहून डॉ. हेमंत येतात, देडतलाईच्या सरकारी दवाखान्यातली तरुण डॉक्टर जमेल तेव्हा बस धरून येते, सुट्टीला घरी आलेली वैद्यकीय कॉलेजची मुलंमुली येतात. प्रत्येकाने आपल्या दवाखान्यातला एक प्रश्न आणायचा. तो एखाद्या खऱ्या माणसाला पाहून पडलेला असला पाहिजे, कुठून तरी उचललेला चालत नाही. मग सगळ्यांनी मिळून ठरवायचं की याचं उत्तर आपल्याच गावात, आपल्याच रुग्णांकडून कसं शोधायचं, किती जणांना विचारायचं, काय विचारायचं, काय मोजायचं. कुणी प्रश्नाऐवजी भाषण घेऊन आला की बाई त्याला चहा गाळायला लावतात. एकदा औषध कंपनीचा एक टायवाला माणूस पेनं वाटायला आला. बाईंनी त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, “तुमचा प्रश्न काय?” बिचारा घामाघूम झाला. पण पुढच्या बुधवारी तो खरंच एक प्रश्न घेऊन आला, आणि त्या दिवशी बाईंनी स्वतः उठून त्याला चहा दिला.

या बैठकीचा एक दंडक मात्र मी दुसरीकडे कुठेही पाहिला नाही. जे उत्तर सापडेल ते आधी ज्यांच्याकडून मिळालं त्यांना सांगायचं. परीक्षक, परिषद, मासिक, सगळे मागून. “त्यांनी आपल्याला त्यांच्या घरातलं सांगितलं,” बाई म्हणतात, “मग निकाल त्यांना शेवटी कळावा, ही कुठली रीत?”

संशोधन शिकवायचं ते डॉक्टरीच्या पहिल्या वर्षापासून आणि हात थरथरेपर्यंत, असं बाईंचं ठाम मत आहे. फॅमिली डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांना शेवटच्या वर्षी घाईघाईने प्रबंध उरकायला लावतात, हे त्यांना मुळीच पटत नसे. “स्वयंपाक काय लग्नाच्या आदल्या दिवशी शिकवतात?” असं विचारत त्या कॉलेजच्या दारात जाऊन बसायच्या. एकदा मी त्यांच्यासोबत अशाच एका बैठकीला होते. कॉलेज कुठलं ते सांगत नाही. तिथले एक ज्येष्ठ प्राध्यापक गोड आवाजात म्हणाले, “मॅडम, खेड्यापाड्यातल्या डॉक्टरांनी रुग्ण बघावेत. संशोधनाचं आम्ही बघतो ना.”

मला तर तळपायाची आग मस्तकात गेली. बाई मात्र शांत. म्हणाल्या, “साहेब, तुमच्याकडे येतात ती आजारी पडलेली माणसं. माझ्याकडे येतात ती अजून पडायची आहेत. त्यांच्याबद्दल तुम्हाला कोण सांगणार?”

त्या दिवशी काही ठरलं नाही. बाई पुन्हा गेल्या, पुन्हा पुन्हा गेल्या. शिपायाने त्यांच्यासाठी ठरलेली खुर्चीच बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली. आज त्या कॉलेजात फॅमिली मेडिसिनच्या मुलांना पहिल्या वर्षापासून आठवड्यातली एक दुपार संशोधन शिकायला मिळते, आणि त्यांतली काही मुलं बाईंच्या व्हरांड्यात येऊन बसतात. त्या प्राध्यापकांनी निवृत्तीनंतर आपल्या नातीला बाईंकडे शिकायला पाठवलं, हेही इथे नोंदवते. पुरावा मागितला आहे ना!

आणि दुसऱ्यांना शिका म्हणणाऱ्या बाई स्वतः काय करत होत्या? सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी संख्याशास्त्र शिकायला घेतलं. कॉलेजातला एक तरुण मास्तर संध्याकाळी शिकवायला येई. बाई पदर खोचून समोर बसायच्या आणि जाताना त्याच्या हातात दराबा मिठाईचा डबा ठेवायच्या. पहिल्या चाचणीत त्या चक्क नापास झाल्या. तो पेपर त्यांनी टेबलाच्या काचेखाली, गणपतीच्या फोटोशेजारी लावून ठेवला. रुग्ण विचारायचे, “बाई, हे कशाचं सर्टिफिकेट?” बाई अभिमानाने सांगायच्या, “नापास झाल्याचं.”

त्यांच्या मायेबद्दल काय सांगू? माझं शिक्षण चालू असताना मुलगी झाली. प्रबंध लिहायचा होता आणि ती मांडीवरून उतरायला तयार नसे. बाईंनी एके दिवशी येऊन तिला उचललं, म्हणाल्या, “हिचा प्रश्न मी बघते, तू तुझा बघ.” पुढचे कित्येक बुधवार माझी लेक बाईंच्या मांडीवर बसून बैठकीला हजर होती. गुडघ्यावर ठोकायची डॉक्टरांची हातोडी तिचा खुळखुळा होता. आजही तिला कुणी शाळेत विचारलं की आजी काय करतात, तर ती आधी एका आजीचं सांगते आणि मग म्हणते, “आणि दुसऱ्या आजी प्रश्न विचारतात.”

तर तो माझा प्रबंध. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत.

निंबोल्याला बाईंची एक जुनी मैत्रीण राहते, शकुंतलाकाकू. घरचे केळीचे मळे. काकूंना बीपी होतं. महिन्याच्या महिन्याला केळीची फणी घेऊन त्या दवाखान्यात यायच्या, आणि दर वेळी बाई त्यांचा हात हातात घेऊन विचारायच्या, “शकू, गोळी रोज घेतेस ना?”

“हो बाई, घेते की.”

आणि तरी काकूंचं बीपी कधी धड उतरत नसे. बाई डोस वाढवायच्या, काकू हो म्हणायच्या. अशी वर्षं गेली. मग एका सकाळी काकूंचा मुलगा त्यांना टेम्पोत घालून घेऊन आला. उजवं अंग लुळं पडलेलं, वाचा गेलेली. बाईंनी तिथल्या तिथे करता येईल ते केलं आणि त्यांना मोठ्या इस्पितळात पाठवलं. काकू वाचल्या. पण काही दिवसांनी मुलगा आला तो गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन. घरात डब्यात सापडल्या होत्या. पुष्कळ गोळ्या तशाच होत्या.

त्या बुधवारी बाईंनी स्वतःचा प्रश्न मांडला. आम्ही सगळे “लोक गोळ्या का घेत नाहीत?” या प्रश्नाची वाट बघत होतो. त्या म्हणाल्या, “माझ्यात असं काय आहे, की शकू मला खरं सांगू शकली नाही?”

हेमंत जमिनीकडे बघत बसले. बाहेर माग खडखडत होते. शेवटी मी म्हणाले, “बाई, हा प्रश्न मला द्या.” तोच माझ्या प्रबंधाचा विषय झाला.

पहिल्यांदा आम्ही सरळ वाटेने गेलो. बाई आणि मी दवाखान्यात बसलो आणि बीपीच्या प्रत्येक रुग्णाला विचारलं, गोळी रोज घेता का? सगळे हो म्हणाले. झाडून सगळे. मला आनंद झाला, म्हटलं काकूंचंच काहीतरी वेगळं होतं. बाईंनी ती उत्तरं चाळली आणि माझ्याकडे बघितलं. “मंजू, एवढे तांदूळ निवडले आणि एकही खडा नाही? अगं, मला तर भीती वाटायला लागली.”

मग त्यांनी जे ठरवलं ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ज्याचा दवाखाना, त्याने आपल्या माणसांना विचारायचं नाही. दापोऱ्याच्या हेमंतांनी निंबोल्याला बाईंच्या रुग्णांकडे जायचं, मी दापोऱ्याला हेमंतांच्या रुग्णांकडे, आणि बाईंनी त्या दिवसांत निंबोल्याकडे फिरकायचंही नाही. विचारायचं तेही वेगळ्या तऱ्हेने. “घेता का?” नाही. “गोळी सगळ्यांचीच कधी ना कधी राहून जाते, माझ्या आईचीही राहते, तुमची कधी राहते?” असं, ओट्यावर बसून, चहा पिताना.

आणि मग धरण फुटल्यासारखं झालं. लोक बोलतच राहिले. निंबोल्याच्या एका आजींनी हेमंतांना सांगितलं, “उपास असला का जेवण नही. जेवण नही तं गोळी कशी घेऊ? बाईनीच सांगेल हाये, जेवल्यावरच घ्यायची.” मग त्या घाबरल्या. “पण बाईले सांगू नका हां. त्यांना बुरा वाटल. इतक्या मायेनं हात धरून विचारतात, मंग नही कसं म्हणू?”

अशी ती एकच आजी नव्हती. सोमवार, एकादशी, चतुर्थी, श्रावण, नवरात्र. देव जितके, तितके गोळीला सुट्टीचे दिवस. आणि प्रत्येक घरात शेवटी तेच, बाईंना सांगू नका.

हे बाईंना सांगायचं माझ्या वाट्याला आलं. मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, “जेवल्यावरच घ्या. हे वाक्य मी आयुष्यभर प्रत्येकाला म्हणत आले. या गोळीला जेवणाची तशी गरजही नाही. मला कुणी शिकवलं हे?” कुणीच शिकवलं नव्हतं. तोंडात बसलं होतं. मग त्या म्हणाल्या, “आणि मी हात धरायचे ना, तो हातच आडवा आला बघ.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मलाही रडू आवरलं नाही.

मी म्हणाले, “बाई, प्रबंधात तुमचं नाव नको. ‘एक डॉक्टर’ असं लिहिते. गावात नाव...”

“नावाला बीपी नसतं,” बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. “निंबोल्याला कधी जायचं ते सांग. आधी त्यांना.”

निंबोल्याच्या देवळाच्या मंडपात आम्ही गेलो. बायकामाणसं झाडून आली होती. शकुंतलाकाकूंना मुलाने खुर्चीत बसवून पुढे आणलं होतं. त्यांची वाचा थोडी परतली होती, पण एकेक शब्द ओढून काढावा लागे. बाई उभ्या राहिल्या. हातात कागद नव्हता.

“मी तुम्हाला सांगत होते, गोळी जेवल्यावरच घ्या. ते माझं चुकलं. ही बीपीची गोळी उपासालाही पाण्यासोबत घेता येते. देवाला चालेल का म्हणाल, तर देवाशी माझं बोलणं झालेलं नाही, पण पुजारीबुवांशी झालंय.” पुजारीबुवांनी जोरात मान हलवली. लोक हसले. “आणि दुसरी गोष्ट. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका. माझ्या बरं वाटण्यापायी शकूचा हात गेला.”

काकूंचे ओठ हलायला लागले. मुलगा त्यांच्या तोंडाशी वाकला, पण त्यांनी डाव्या हाताने त्याला बाजूला केलं. “बाई... तुमाले... नही... म्हनवलं नही.”

बाई त्यांच्यापाशी जाऊन खाली बसल्या. तो लुळा हात त्यांनी मांडीवर घेतला. “आता म्हण. मी तेव्हाचंच विचारते. शकू, गोळी रोज घेतेस ना?”

काकूंनी खूप वेळ घेतला. मग सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “नही.”

“शाबास,” बाई म्हणाल्या. आणि मग सगळा मंडप हसत होता आणि सगळा मंडप रडत होता. काकूंची सून तर पदर तोंडात धरून बसली होती. काकू आता गोळी घेतात. राहिली तर सांगतात, तेही चढ्या आवाजात. त्यांचं बीपी ताब्यात आहे.

माझा प्रबंध पुढे मान्य झाला, त्याचं मला आता फारसं काही वाटत नाही. वाटतं ते याचं, की आज दापोऱ्याला, देडतलाईला, माझ्या दवाखान्यात, कॉलेजातल्या नव्या मुलांच्या तोंडी, सगळीकडे तो प्रश्न बाईंच्या नव्या तऱ्हेने विचारला जातो. देडतलाईच्या डॉक्टरने तोच धागा धरून रमजानच्या रोज्यांच्या दिवसांतल्या गोळ्यांचं काम हातात घेतलं आहे. आपलं चुकलेलं शिष्याकडून शोधून घेणारे गुरू मी ऐकलेही नव्हते. मला मात्र मिळाले.

आता त्या हिवाळ्याकडे येते.

एका सकाळी रुग्ण तपासता तपासता बाईंचे शब्द अडखळायला लागले. औषधाचं नाव तोंडात येईना. थोड्या वेळात सगळं पूर्ववत झालं, पण मी धावत जाऊन बीपी बघितलं तर हादरलेच. तपासण्या झाल्या, नशिबाने काही मागे राहिलं नाही. मी त्यांच्या पलंगाशी बसून विचारलं, “बाई, तुमची स्वतःची गोळी रोज घेता ना?”

“हो गं, घेते की,” त्या म्हणाल्या आणि माझा हात थोपटला.

माझा जीव भांड्यात पडला. स्कूटरवर बसून घरी निघाले. शनवाऱ्याच्या चौकात केळीच्या गाडीमागे अडकले, आणि तिथे उभ्या उभ्या मला ते ‘हो’ परत ऐकू आलं. अगदी शकुंतलाकाकूंचंच ‘हो’. मागून लोक हॉर्न वाजवत होते. मी बाईंची लाडकी. मी विचारलं तर त्या मला खरं सांगतील कशा?

मी हेमंतांना फोन केला. “तुम्ही जा. ओट्यावर बसा, चहा घ्या, आणि बाईंनी शिकवलं तसं विचारा.”

हेमंत गेले. बाईंना लगेच कळलं की हे काय चाललंय, आणि म्हणे त्या आधी खूप हसल्या. मग खरं सांगितलं. गोळी राहत होती. बुधवारी राहायचीच, आणि त्या पाठोपाठ इतर दिवशीही राहायला लागली होती. बुधवारी बैठक लांबते, आम्ही निघेपर्यंत दुपार कलते, बाईंचं जेवण राहून जातं, आणि जेवण नाही तर गोळी नाही.

“पण बाई,” हेमंत म्हणाले, “जेवणाची गरज नाही हे तुम्हीच निंबोल्याला सांगितलंत ना?”

“ते निंबोल्याला सांगितलं,” बाई म्हणाल्या. “मला कुणी सांगितलं?”

हेमंतांनी त्यांना विचारलं, मंजूला का नाही सांगितलंत? बाई म्हणाल्या, “तिला वाईट वाटलं असतं. आमच्या बैठकीपायी बाईंचं असं झालं म्हणाली असती, आणि बुधवार बंद केला असता. बुधवार गेला तर मी काय करू रे?” आणि मग त्यांनी हेमंतांना परवानगी दिली. निकाल आता तिला सांग म्हणाल्या, ज्याचा त्याला आधी कळलाय.

बुधवार बंद झालेला नाही. फक्त आता बैठकीचा पहिला प्रश्न निघण्याआधी हेमंत पाण्याचा तांब्या पुढे ठेवतात, आणि बाई सगळ्यांदेखत गोळी घेतात. मग आम्ही सगळे आपापले डबे उघडून त्यांच्यासोबत जेवतो. कॉलेजातली नवी मुलं सुरुवातीला चकित होतात. त्यांना कारण सांगायचं काम बाई स्वतः करतात, आणि रंगवून करतात.

बाई, समितीने मला शुभेच्छा लिहायला सांगितल्या आहेत. तुमच्या व्हरांड्यात अजून पुष्कळ बुधवार भरोत. देडतलाईहून, दापोऱ्याहून, कुठून कुठून नवी नवी मुलं येऊन तुम्हाला काय कळलं नाही ते सांगोत. गल्लीतली वीज अधूनमधून जात राहो, आणि तुमच्या कानाला माणसांची हृदयं स्वच्छ ऐकू येत राहोत. तुमचे हातपाय, तुमची वाचा, तुमचा तिखटपणा शाबूत राहो. हे सगळं मी प्रेमाने म्हणते आहे, आणि प्रेमाने म्हटलेलं तुम्ही पुरावा म्हणून धरत नाही, हे मला ठाऊक आहे. नका धरू.

पण बाई, एवढं करा. गोळी राहिली, तर आता हेमंतांना नको, मला सांगा. मला वाईट वाटेल. वाटू द्या.